तीन रकाने

पेन्सिलीनंच लिहायचं, हा पहिला नियम.
शाई पाण्यात जीव सोडते.
ठिकाण : चुलबंद नदी, डोंगाघाटाच्या खाली, उंबराचं खोड.
तारीख. पाण्याचं तापमान. किती सिप्या, किती लांब.
नोंद घेणारा : मी.
काढणारी : कौतिका नान्हे,
जिचं नाव छापील अहवालात कधीच आलं नाही
कारण तिथल्या तक्त्यात तसा रकानाच नव्हता.

ती कमरेइतक्या पाण्यात उभी राहायची
आणि पायानं शोधायची.
डोळे पार पलीकडच्या धानाच्या बांधीवर,
कोण फवारतंय, कुणाच्या पाठीवर पंप,
आणि अंगठा खाली गाळात वाचत जायचा.
"हे जिती हाय. हे मेली, नुसती माती भरली."
वर न काढताच सांगायची.
सतरा वर्षांत दोनदा चुकली.
दोन्ही वेळा तिनंच सांगितलं.

पंचवीस सिप्या. थर्माकोलची पेटी, बर्फ साकोलीचा.
प्लॅस्टिक लावायचं नाही, त्याचाच अंश उतरतो.
नागपूरला त्यांचं मांस काढतात, वाटतात,
एका बारीक नळीतून वाफ करून पाठवतात
आणि कागदावर शिखरं उमटतात,
नदीकाठी कुठंच नसलेले डोंगर.

सिपी काही करत नाही.
पाणी आत घेते, पाणी बाहेर सोडते,
मधलं जे राहतं ते ठेवून घेते.
म्हणून तर आम्ही तिला विचारतो.

तुडतुड्याच्या वर्षी एक शिखर असं चढलं
की खालच्याला दुसरा कागद जोडावा लागला.
पण एक जुनं शिखर दरसाल येतं, बुटकं, न चुकता,
मलेरियावाले घरोघरी भिंतींवर मारून जायचे
आणि दारावर गेरूनं तारीख टाकायचे, त्या पांढऱ्या औषधाचं.
ते मारणं थांबलं,
त्यानंतर माझं लग्न झालं, मुलगी झाली, मुलीचं लग्न झालं.
शिखर अजून येतं.

मग तीन वर्षं पैसे आले नाहीत.
आलेखाची रेघ चालत चालत येते, थांबते,
पुढं भलतीकडेच उगवते.
मधे ठवरे मॅडमनी ठिपके दिले, खाली लिहिलं : अंदाजे.

चौथ्या वर्षी गेलो.
"कुठं व्हते जी तीन वरसं?"
मंजुरी नव्हती, म्हटलं.
मंजुरी हा शब्द तिनं तोंडात घोळवला
आणि खडा लागल्यासारखा थुंकला.

घरी नेलं.
कुडाच्या भिंतीत, ओल्या मातीत दाबून बसवलेले शिंपले,
पंचवीस जोड्यांची एक ओळ, तिच्याखाली दुसरी, तिच्याखाली तिसरी.
त्याच महिन्यात, त्याच उंबराखालचे.
"तुमी याल म्हून."

मी बोट फिरवलं. आतून गुळगुळीत, निळसर.
कवचात आम्हाला काही सापडत नाही.
जे असतं ते मांसात.
मांस? मी विचारलं.
तिनं चुलीकडं हात केला.
"फेकाचं व्हतं का? रांधलो ना जी. लसून टाकून.
नातीलेही देल्लो."

भिंतीकडं बघत राहिली थोडा वेळ.
"मंग तसं लिहा. थे तीन वरसं माह्यात हायत."

मी रजिस्टर उघडलं. पेन्सिलीचं टोक मोडलेलं.
कैऱ्या सोलायचा शिंपला तिनं फळीवरून काढला,
दगडावर घासून मधोमध भोक पाडलेला,
आणि मुकाट टोक करून दिलं.
ठिकाण, मी लिहिलं. पुढं काय लिहू, सुचेना.
तारीख सोडली.

"लांबी नाई घेत का?"
असं म्हणून ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली,
पदर सावरून, टाचा जुळवून, श्वास धरून,
जिता नमुना.

माझ्या हातातला कॅलिपर
वीतभरही उघडत नाही.